विहिरीतली लाल वाइन

आमच्या शेतातल्या विहिरीत फ्रान्सच्या लाल वाइनच्या तीन बाटल्या बुडाल्या, ही गोष्ट जिंतूरच्या बाजारात अजून सांगतात. सांगणारा दरवेळी बाटल्या वाढवतो. मागच्या महिन्यात रोपं न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक मलाच सांगत होतं, "मॅडम, इकडं कुनाच्या तरी विहिरीत पेटीभर विलायती दारू घावली म्हनं." मी त्याला लिंबाची रोपं काढून दिली आणि म्हटलं, "पेटी नव्हती दादा, तीनच बाटल्या होत्या. आणि विहीर आमचीच." त्याचा विश्वास बसला नाही. पेटीच त्याला जास्त खरी वाटत होती.

मी मूळची वालूरची. वडिलांचं तिथे भुसार मालाचं दुकान, घर वीरशैव, घरात कांदा-लसूण चालायचा पण दारूचं नाव काढायची सोय नव्हती. परभणीला शेतकी शिकताना मी फळबागेचा विषय घेतला आणि शिक्षण संपता संपता दक्षिण फ्रान्समधल्या एका द्राक्षमळ्यावर वर्षभर राहून काम शिकायची संधी आली. मळा वाइनच्या द्राक्षांचा होता. वडिलांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "शिकायला चाललीस तर चाखल्याबिगर कसं कळंल? पर गुळणी करून थुंकून टाक." त्यांना वाटलं आपण फार मोठी अट घातली. तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी तळघरात पाहिलं तर वाइन करणारी सगळी माणसं चाखून चाखून बादलीत थुंकत होती. मी फोनवर हे सांगितलं तेव्हा वडील दुकानात बसल्या बसल्या इतके हसले, की तराजूवरची डाळ सांडली म्हणे.

फ्रान्स म्हणजे थंडी, अशा समजुतीने मी स्वेटरांनी बॅग ठासून भरली होती. स्टेशनवर उतरले तर ऊन थेट परभणीचं. तो मुलूख लांगदॉकचा, भूमध्य समुद्राजवळचा. टेकड्यांवर दगडगोटे, त्यांच्यामधून उगवलेली वासाची काटेरी झुडपं, आणि दिवसचे दिवस वाहणारा कोरडा वारा. द्राक्षाला मांडव नव्हता. जुन्या वेली जमिनीवर सुट्या उभ्या होत्या, कंबरेइतक्याही उंच नाहीत, खोडं म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखी गाठाळ. त्यांना कुणी पाणी देत नव्हतं. आपलं पाणी त्या आपणच खाली खाली जाऊन शोधायच्या.

मळ्याची मालकीण तेव्हा पन्नाशीची असेल. उंच, उन्हाने रापलेली, बोलायला फटकळ. नवरा वारल्यावर मळा तिने एकटीने सांभाळला होता, मुलगा शहरात शिकत होता. तिने माझे स्वेटर पाहिले, आपली गवती टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली आणि मला थेट मळ्यात नेलं. तोडणी पहाटे सुरू व्हायची, कारण दुपारी घड हातात घेतला तर गरम लागायचा. पंधरवड्यात माझे हात मनगटापर्यंत जांभळे झाले. टाकीत वर तरंगून येणारी सालं दिवसातून कितीदा तरी लाकडी दांड्याने खाली दाबायची, ते काम माझ्याकडे होतं. दांडा दाबला की खालून जो वास उसळायचा त्याने अंगातला शिणवटा जायचा.

चाखणं मला तिनेच शिकवलं. पहिल्यांदा मला नुसतं आंबट-तुरट लागलं. ती म्हणाली, "घाई करू नकोस. तुझ्या गावाकडचं काय काय आठवतं ते सांग." मग हळूहळू सापडायला लागलं. आधी पिकलेलं जांभूळ, मग मिऱ्याचा चटका, मग वाळलेल्या पाल्याचा वास, आणि सगळ्यात शेवटी बोराच्या सालीसारखा तुरटपणा, जो जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. त्या प्रदेशातल्या लाल वाइनमध्ये ऊन असतं. त्या अंगाने भरलेल्या, गडद, उबदार असतात; थंड मुलखातल्या वाइनसारख्या लाजत बोलत नाहीत. मला त्या आवडल्या. वडिलांची अट मी कामाच्या वेळी पाळली. जेवणाच्या वेळी बादली नसायची, तेव्हा छोटा पेलाभर प्यायले, हेही वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "बादली न्हाई तर काय करनार!"

परत आल्यावर दोन वर्षांत लग्न ठरलं. बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी कुजबुजलं, "पोरगी दारूचं शिकून आलीय." माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी तेवढं ऐकलं. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आवाज असा की शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर बोलता यावं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "छाटनी येती का?"

"येते," मी म्हटलं.

"मंग आमच्या मोसंबीला हात लाव. लय बेजार केलंय तिनं."

तिथेच सगळं ठरलं. जिंतूरपासून थोडं बाहेर त्यांचं शेत. मोसंबी मी सुधारली, पुढे त्याच शेताच्या कडेला रोपवाटिका काढली. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई.

मालकिणीचा फोन अधूनमधून यायचा. अलीकडच्या एका हिवाळ्यात तिने सांगितलं, "मळा आता मुलाने हातात घेतलाय. छाटणीची कात्री त्याच्याकडे. मी मोकळी आहे. जानेवारीत येते."

परभणी स्टेशनवर ती उतरली तेव्हा केस पूर्ण पांढरे झालेले, बाकी तशीच. एक बॅग तिने कुणालाही उचलू दिली नाही. जिंतूरच्या रस्त्याने गाडी खड्ड्यात गेली की ती बॅग पोटाशी धरायची. घरी आल्यावर बॅग उघडली. तीन लोकरी स्वेटर, आणि प्रत्येक स्वेटरमध्ये गुंडाळलेली एकेक बाटली.

तिने त्या ओळीने मांडल्या आणि मला ओळख करून दिली. पहिली मी तिथे होते त्या वर्षीची, ज्या टाकीतली सालं मी दाबली होती तीच. दुसरी तिच्या स्वतःच्या हातची शेवटची वाइन, टेकडीवरच्या जुन्या वेलींची. त्या वेली तिच्या वडिलांनी लावलेल्या. तिसऱ्या बाटलीकडे तिने नुसतं बोट केलं. "ही मुलाची पहिली. त्याच वेलींची. पण द्राक्षं आठवडाभर आधीच तोडून टाकली त्याने. आणि लाकडी पिंपात ठेवायची सोडून सिमेंटच्या टाकीत ठेवली. म्हणतो, फळाची चव मोकळी राहते. पाणी केलंय नुसतं. घेऊन जा म्हणाला, म्हणून आणली."

"तू त्याला असं सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. काहीच सांगितलं नाही. त्याला कळतं त्याच्यातून."

मामा दारात उभे होते. त्यांना फ्रेंच येत नव्हतं, पण समोर काय मांडलंय ते दिसत होतं. घरात रोजची लिंगपूजा. मी काही बोलायच्या आत मालकीणच म्हणाली, "हे घरात ठेवायचं नसेल तर सांग. मला वाईट वाटणार नाही."

मी मामांना सांगितलं. ते बाटल्यांजवळ आले. मग म्हणाले, "तिच्या हातचं पीक हाय ते. इतक्या लांबून आनलंय. मी पित न्हाई, पर पिकाला नाव ठेवत न्हाई. घरात नको, शेतात ठेवू. उद्या तिथं हुरडा हायच."

शेतातली खोली पत्र्याची, दुपारी तापणारी. मालकीण म्हणाली, या वाइनला फार थंड नको आणि गरम तर मुळीच नको. फ्रीजचा विषय निघाला, पण फ्रीज स्वयंपाकघरात, आणि तोही तिला जास्तच थंड वाटला. तेव्हा मामांना युक्ती सुचली.

"पूर्वी आमी दुधाची किटली विहिरीत सोडायचो. सकाळपर्यंत झकास राहायची. ह्या बी सोडू."

मी हे सांगितल्यावर मालकीण खूश झाली. तिच्या आजोळीही म्हणे टरबूज विहिरीत सोडत. संध्याकाळी आम्ही सगळे शेतात गेलो. मामांनी बादलीत कडबा अंथरला, बाटल्या निजवल्या, वरून कडब्याने झाकल्या आणि बादली दोराने अशी सोडली की बुड पाण्याला जेमतेम टेकावं. गाठ त्यांनी स्वतः मारली. माझ्या नवऱ्याने ती तपासायला हात पुढे केला तर मामांनी तो झटकला. "मी गाठी मारायलो तवा तू जन्मलाबी नव्हतास."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हुरड्याची तयारी घेऊन पोचलो तर मामा आमच्या आधीच विहिरीवर वाकून उभे होते. गाठ सुटली होती. दोराचं मोकळं टोक पाण्यावर तरंगत होतं आणि त्याच्याभोवती कडब्याच्या काड्या.

"पाहुन्याची अमानत बुडवली मी," मामा म्हणाले. त्यांचा तो बांधापलीकडे जाणारा आवाज पार बसला होता.

मी मालकिणीला सांगितलं. ती कठड्यावरून वाकली, खाली पाहिलं आणि हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग ती कठड्यालाच धरून बसली. तिच्याकडे बघून आत्याबाईही हसायला लागल्या. मामांना मात्र हसू येईना. ते बांध ओलांडून शेजाऱ्याकडे गेले आणि त्याचा गळ घेऊन आले. गळ म्हणजे लोखंडी आकड्यांचा झुबका. विहिरीत पडलेल्या बादल्या, घागरी त्याने काढतात. गळाबरोबर शेजारीही आला, आणि शेजाऱ्याबरोबर खबर. जिंतूरच्या रस्त्याला त्याची चहाची टपरी आहे, त्यामुळे खबर पोचायला वेळ लागला नाही. थोड्या वेळात विहिरीभोवती इतकी माणसं जमली की कुणीतरी शेंगा वाटायला सुरुवात केली.

गळ खाली गेला. एकदा शेवाळ वर आलं, एकदा जुनी चप्पल, एकदा आत्याबाईंची कितीतरी वर्षांपूर्वी पडलेली कळशी. कळशीसाठी आत्याबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग आकडा बादलीच्या कडीत अडकला. मामांनी दुसऱ्या कुणाला दोर धरू दिला नाही. बादली वर आली, त्यात दोन बाटल्या होत्या. तिसरी खाली राहिली होती.

"म्या उतरतो," मामा म्हणाले आणि सदऱ्याची बटणं काढायला लागले. सत्तरी उलटलेली, जानेवारीचं पाणी. चार जणांनी त्यांना धरलं. त्या गडबडीत माझ्या नवऱ्याने चपला काढल्या, मोबाइल माझ्या हातात दिला, पायऱ्या उतरला आणि खालच्या पायरीवरून उडी मारली. तो वर आला, दम घेतला, परत गेला. तिसऱ्यांदा आधी एक हात पाण्याबाहेर आला, हातात बाटली, आणि मग त्याचं चिखलाने माखलेलं डोकं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मामांनी डोळे मिटून महादेवाचं नाव घेतलं.

आत्याबाईंनी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "लिंगायताचं पोरगं, आन् दारूच्या बाटलीसाठी विहिरीत उडी मारायलंय! कुनाच्या घरी सांगू नका रे."

हे मी मालकिणीला सांगितलं तेव्हा तिने आत्याबाईंचे दोन्ही गाल मुके घेऊन ओले केले. आत्याबाईंना काय करावं सुचेना, त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली.

बाटल्या पुसताना लक्षात आलं की लेबलं गेली होती. एकाचा लगदा झाला होता, एक हातात येता येता विरलं, तिसरं विहिरीतच राहिलं. तिन्ही बाटल्या एका घाटाच्या, तिन्हींची टोपणं सारखीच गडद लाल. कुठली कुठली ते सांगायला काही उरलं नव्हतं.

"त्यात काय," मालकीण म्हणाली. "बुचावर वर्ष छापलेलं असतं. पण मला बूच पाहायची गरज नाही. माझी वाइन मी वासावर ओळखते."

नवरा टॉवेल गुंडाळून थंडीने कुडकुडत आगटीजवळ बसला होता. हे ऐकून त्याच्या अंगात एकदम ऊब आली. "मग असं करू, बुचं मी काढतो. तुम्हाला दाखवणार नाही. तुम्ही सांगायचं."

ती लगेच तयार झाली. आपल्या खिशातला बुचाचा स्क्रू तिने त्याला दिला. नवरा बाटल्या घेऊन कठड्यामागे गेला आणि प्रत्येक बाटलीचं बूच त्याच बाटलीशेजारी आपल्या दस्तीवर, म्हणजे हातरुमालावर, मांडून ठेवलं. शेजाऱ्याने टपरीवरून चहाचे काचेचे ग्लास आणले. वाइनसाठी तसले ग्लास पाहून तिकडे लोक दुखावले असते. मालकीण म्हणाली, मी याहून वाईट ग्लासातून प्यायले आहे.

पहिला ग्लास आला. तिने तो उन्हात धरला. कडेला विटेसारखा रंग उतरला होता. तिने वास घेतला आणि न चाखता माझ्याकडे दिला. मी नाक घातलं आणि मला आपोआप दांड्याच्या लाकडाचा स्पर्श आठवला, तळहातावर आलेले फोड आठवले. वाळलेलं अंजीर, चामडं, आणि खाली कुठेतरी अजून ते जांभूळ. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "हीच ती." इतकी वर्षं ही बाटलीत बसून होती, आणि मी इकडे मोसंबी छाटत होते, मुलांना शाळेत सोडत होते. मला रडू आलं नाही, उलट फार मजा वाटली. मी एक घोट घेतला. तो थुंकला नाही.

मग राहिलेले दोन ग्लास. एकाच टेकडीच्या, एकाच वेलींच्या दोन वाइन. मालकिणीने पहिला चाखला, मान हलवली. "बरी आहे. दाट आहे. पण जड. शेवटी लाकूड जिभेवर बसतं." दुसरा घेतला. आणि ती थांबली. आणखी एक घोट घेतला. तिचा चेहरा असा झाला, जसा तो मी फक्त तोडणी संपल्याच्या दिवशी पाहिला होता.

"ही," ती म्हणाली. "ही माझी. बघ, तोंडात कशी उघडते. टेकडीवरचा वारा आहे यात, त्या झुडपांचा वास आहे. माझे वडील म्हणायचे, या वेलींची वाइन चांगली झाली की ती दगडावर सांडलेल्या पावसासारखी लागते. ही तशी झालीय. मलाच माहीत नव्हतं इतकी चांगली झालीय म्हणून." मग आधीच्या, जड म्हटलेल्या ग्लासाकडे तिने हलकेच बोट केलं. "आणि ही पोराची. इतकी काही वाईट नाही. सांगेन त्याला."

मी हे सगळं मराठीत सांगत होते. नवरा कठड्यामागून उठला. त्याच्या हातात दस्ती होती, आणि तोंडावरून मला कळलं की काहीतरी झालंय. त्याने दोन्ही बुचं तिच्यापुढे धरली. तिने चष्मा लावला. एक बूच वाचलं, मग दुसरं. परत पहिलं.

तिला आवडलेल्या बाटलीचं बूच मुलाच्या वाइनच्या वर्षाचं होतं.

आगटीत कणसं तडतडत होती. आत्याबाईंनी मला कोपराने ढोसलं. "काय झालं? का गप बसली ती?"

"तिला तिच्या लेकाची वाइन तिच्यापेक्षा चांगली लागली," मी म्हटलं. "तिला ती आपलीच वाटली."

आत्याबाईंनी एक हात छातीवर ठेवला. "अगं मंग लाडू वाटायचे की! असं तोंड काय करून बसली?"

मी भाषांतर केलं. मालकिणीने चष्मा काढला आणि पुसला. मग म्हणाली, "फोन दे तुझा. माझ्या फोनला इथे रेंज नाही."

मुलाने फोन उचलला तेव्हा तिकडे सकाळ होती. पडद्यावर लोकरी टोपी, नाकाचा लाल शेंडा आणि मागे छाटलेल्या वेली. वारा इतका की त्याचं निम्मं बोलणं उडून जात होतं. तिने प्रस्तावना केली नाही. "तुझी जुन्या वेलींची प्यायले. लेबल नव्हतं. मला वाटलं माझी आहे."

"लेबल का नव्हतं?"

"विहिरीत पडली होती."

"काय?"

"ते राहू दे. ऐक. मला वाटलं माझी आहे, आणि माझी सगळ्यात चांगली आहे. तू बरोबर होतास. द्राक्षं लवकर तोडलीस ते बरोबर केलंस."

मग त्याने तोंडासमोरचा मफलर खाली ओढला. "आई, पुन्हा एकदा म्हण. इथे वारा आहे."

"नाही," ती म्हणाली. "तू ऐकलंस ते." आणि ती इतकी हसत होती की फोन हलायला लागला.

एवढ्यात मामांनी फोनसाठी हात पुढे केला. त्यांना छाटलेल्या वेली बघायच्या होत्या. मुलाने फोन फिरवून खोड दाखवलं, गाठी दाखवल्या, दगडगोट्यांची जमीन दाखवली. "ह्या दगडात येतंय?" मामांनी विचारलं. "आन् पानी न्हाई देत? मुळं लय खोल गेली असनार." मग त्यांनी हातातला फोन ज्वारीच्या रानाकडे फिरवला, कणसं दाखवली, मोसंबी दाखवली, बैल दाखवले आणि शेवटी, थोडं थांबून, विहीरही दाखवली. मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होते. हळूहळू माझी गरज कमी होत गेली. दोघंही शेतकरी, काय दाखवायचं ते दोघांनाही कळत होतं.

मग हुरडा झाला. निखाऱ्यात भाजलेली कणसं हातावर चोळून मामांनी गरम दाणे मालकिणीच्या ओंजळीत घातले. तिने हिरव्या मिरचीचा ठेचा मोठ्या धाडसाने खाल्ला आणि वर वाइनचा घोट घेतला. वाइन तिखटाला शांत करेल असं तिला वाटलं असावं. ती उबदार वाइन तिखटाला आणखी पेटवते हे मला माहीत होतं, पण सांगायच्या आत तिचे कान लाल झाले होते. आत्याबाईंनी दह्याची वाटी पुढे केली. त्यानंतर तिने ठेच्याला हात लावला नाही. पण त्याच आगटीत भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कारळाची चटणी, ह्यांच्याबरोबर मुलाची वाइन अशी काही जमली, की आम्ही दोघी परत परत भरीत वाढून घेत राहिलो. धुराचा वास वाइनमध्ये शिरला आणि वाइन भरतात. तिकडे त्या वाइनबरोबर कोकराचं मांस खातात. आगटीतल्या भरताबरोबर ती कुणी प्यायली असेल असं मला वाटत नाही.

शेजारी ग्लासभर प्यायला आणि त्याने जाहीर केलं, "आंबट हाय, पर इज्जतदार हाय." नवऱ्याने दुसरा ग्लास मागितला, थंडीचं निमित्त सांगून. मामांनी चाखली नाही, मालकिणीने आग्रहही केला नाही. पण त्यांनी एक ग्लास हातात घेतला, सूर्याकडे धरला आणि बराच वेळ पाहिला. "जांभळावानी हाय," ते म्हणाले. मग नाकाजवळ नेला. "वास चांगलाय. मेहनतीचा वास हाय."

आत्याबाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. "इचार तिला," त्या मला म्हणाल्या. "एवढी चांगली द्राक्षं येत्यात, तर त्याचे मनुके का न्हाई केले?"

मालकिणीला हे इतकं आवडलं, की तिने परत मुलाला फोन लावायला लावला आणि त्याला विचारलं, मनुके का नाही केलेस म्हणून.

ती आठवडाभर राहिली. आत्याबाईंनी तिला भाकरी थापायला शिकवली. तिची पहिली भाकरी आपल्या जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली; ती मामांनी मागून घेतली आणि पूर्ण खाल्ली. माझ्या रोपवाटिकेत तिने एक सकाळ घालवली आणि माझी कलमं करायची पद्धत दोनदा दुरुस्त केली. प्रत्येकी सहा कलमांपैकी तिच्या हातची चार लागली, माझी पाच, हे मी तिला नंतर कळवलं. जिंतूरच्या बाजारात ती बोरं निवडत बसली आणि बोरंवाल्या बाईने तिला भाव करायला शिकवलं. संध्याकाळी ती आणि आत्याबाई ओट्यावर बसायच्या. एक फ्रेंच बोलायची, एक मराठी. मी मध्ये जाऊन भाषांतर करायला लागले तर आत्याबाई म्हणायच्या, "जा तू. आमचं चाललंय."

परत जायच्या दिवशी परभणी स्टेशनवर आत्याबाईही आल्या. त्यांना गाडी लागते, म्हणून त्या सहसा कुठे जात नाहीत. लिंबू हुंगत हुंगत त्या जिंतूरपासून आल्या. गाडी उशिरा होती. दोघी फलाटावरच्या बाकड्यावर बसल्या, मधे आत्याबाईंनी बांधून आणलेल्या धपाट्यांचा डबा, आणि त्यांचं बोलणं एकदाही थांबलं नाही. कशावर तरी त्या एकदम हसल्या, आणि समोरच्या फलाटावरची माणसं वळून पाहायला लागली.

गाडी आली. मालकीण चढली, दारात उभी राहिली आणि आत्याबाईंचा हात धरून काहीतरी म्हणाली. गाडी हलली. आत्याबाई चार पावलं तिच्याबरोबर चालल्या, मग थांबल्या आणि पदराने नाक पुसलं.

"काय म्हनली गं ती?"

"म्हणाली, आता तुम्ही या. द्राक्षं तोडायला."

आत्याबाई गाडीच्या शेवटच्या डब्याकडे पाहत राहिल्या. मग डब्याचं झाकण घट्ट लावलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि चालता चालता मला विचारलं, "तोडनीच्या दिवसांत तिकडं थंडी न्हाई ना?"